डब्यावरच्या एका ओळीमागची दोनशे वर्षं: फ्लेवर्ड चहा आणि ग्लुटेन

(आमच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत आवाज नीट आला नसेल किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडत असेल, तर हे तुमच्यासाठी. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

आजचा प्रश्न ऐकायला अगदी किरकोळ आहे. सुपरमार्केटमध्ये मिळतो तो फ्लेवर्ड चहा, म्हणजे व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट, लेमन वगैरे, तो ग्लुटेन-फ्री खाणाऱ्या माणसाला चालतो का?

घाईत असाल तर उत्तर आत्ताच घ्या. साध्या चहाच्या पत्तीत ग्लुटेन नसतं. फ्लेवर्ड चहातही बहुतेक वेळा नसतं, पण कधी कधी असतं, आणि डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय ते कळत नाही. आता घाई नसेल तर थांबा, कारण डब्यावर वाचण्यासारखं काही छापलेलं असतं हीच मुळात मोठी गोष्ट आहे. त्यासाठी दोन वेगवेगळ्या लढाया झाल्या. एक लंडनच्या चहाच्या दुकानांत आणि दुसरी लहान मुलांच्या दवाखान्यांत.

मी यात का पडलो ते सांगतो. माझ्या मावसबहिणीला तीन वर्षांपूर्वी सीलिॲक असल्याचं निदान झालं. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सॲपवर डब्यांचे फोटो येत असतात. "दादा, हे चालेल का?" आणि घरी कुणाकडे गेलो की तिला एकच वाक्य ऐकावं लागतं: "अगं चहाच तर आहे, त्यात कसला आलाय गहू!" तिनं नाही म्हटलं की ती नखरेवाली ठरते. हो म्हटलं आणि आत काही निघालं, तर पुढचे काही दिवस पोट धरून बसायचं. मधला मार्ग एकच, तो म्हणजे खात्री करणं. पण खात्री कशाच्या जोरावर करायची?

आधी ग्लुटेन म्हणजे काय

कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो, तो ग्लुटेनमुळे. गव्हातली प्रथिनं पाण्यात एकमेकांना धरून जाळं तयार करतात. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरी थापावी लागते, पोळीसारखी लाटायला गेलं की फाटते. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय, या तिघांतली प्रथिनं सीलिॲक असलेल्या माणसाला त्रास देतात. ओट्स कारखान्यात अनेकदा गव्हात मिसळले जातात, म्हणून तेही जपून.

हा त्रास म्हणजे अपचन नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे सपाट होत जातात. मग पोटभर खाऊनही अंगी लागत नाही. रक्त कमी होतं, हाडं कमजोर होतात, मुलांची वाढ खुंटते. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर टाळणं हाच उपाय.

आज हे दोन मिनिटांत सांगता येतं. पण ‘गहू’ हा एक शब्द सापडायला डॉक्टरांना फार वर्षं लागली.

गुन्हेगार सापडत नव्हता

साधारण अठराशे वर्षांपूर्वी अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं पोटाच्या अशा जुनाट आजाराचं वर्णन करून ठेवलं होतं. पोटासाठीचा ग्रीक शब्द ‘कोइलिया’, त्यावरूनच पुढे ‘सीलिॲक’. मग थेट १८८८ साल. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी या आजारावर निबंध छापला. मुलं सुकतात, पोट फुगतं, शौचाला पांढुरकं आणि भरपूर होतं. हा आजार बरा होणार असेल तर तो आहारानंच होईल, असं त्यांनी ठामपणे लिहिलं. दिशा अगदी बरोबर होती!

पण तपशील? गी साहेबांनी तांदूळ आणि साबुदाण्यासारखे पिष्टमय पदार्थ वर्ज्य सांगितले आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल म्हटलं. म्हणजे जे चालतं ते बंद आणि जे मारक ते चालू. एका मुलाला रोज हॉलंडचे शिंपले खायला दिले, तर ते मूल छान सुधारलं, असंही त्यांनी नोंदवलंय. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि आजार परतला. शिंपल्यांत औषध होतं असं वाटणं साहजिक होतं. मूल शिंपले खात असताना काय खात नव्हतं, हा प्रश्न कुणाला सुचला नाही.

हीच गोष्ट १९२४ मध्ये पुन्हा घडली. न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. भरपूर केळी, पाव, बिस्किटं, धान्यं, बटाटे बंद. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं. कित्येक वर्षं केळी हाच उपचार म्हणून गाजला. आमच्या भाषेत सांगायचं तर, एकाच वेळी पाच बदल केले, बग गेला, आणि कुठल्या बदलामुळे गेला ते तपासायचं राहिलं. पण इथे बग म्हणजे लहान मुलं होती. बरं वाटलं म्हणून पाव पुन्हा सुरू केला की ती पुन्हा आजारी पडायची, आणि त्या काळात या आजारानं मुलं दगावायचीसुद्धा.

डिके यांनी बग रिप्रोड्यूस केला

हे कोडं सोडवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात ते काम करायचे. १९३० च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय येऊ लागला होता. १९४१ मध्ये त्यांनी या मुलांच्या आहारावर डच भाषेत लेखही लिहिला.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली आणि हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे २०,००० माणसं गेली. पाव तर दिसेनासाच झाला. आणि अशा वेळी सीलिॲकची मुलं मात्र बरी होत होती. पुढे मदतीचा पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. दुष्काळात डिके यांना एकदम साक्षात्कार झाला, अशी गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण शोध आधीपासून चालू होता, दुष्काळानं त्यांचा संशय पक्का केला एवढंच.

यानंतर डिके यांनी जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गहू बंद केला, मूल सुधारलं, नोंद केली. गहू परत दिला, मूल बिघडलं, नोंद केली. मग राय, मग तांदूळ, असं एकेक धान्य वेगळं तपासलं. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात हे संशोधन प्रबंध म्हणून सादर झालं. शौचावाटे किती चरबी बाहेर पडते हे मोजण्याची पद्धत व्हॅन डी कामर आणि वेयर्स या सहकाऱ्यांनी बसवली, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ याऐवजी आकडा मिळाला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हातलं ग्लुटेन आणि स्टार्च वेगळं करून दिलं. त्रास ग्लुटेननं होत होता, स्टार्चनं नाही.

गुन्हेगार सापडला. पण तो समोरच्या पदार्थात आहे की नाही हे दुकानात उभ्या माणसाला कसं कळणार? इथून दुसरी लढाई. ती समजून घ्यायला थोडं मागे, लंडनला जाऊ.

चहात काय आहे, हे विचारायची सोय नव्हती

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहा प्रचंड महाग होता, कारण त्यावरचा कर १०० टक्क्यांच्याही वर होता. १७८४ मध्ये तो साडेबारा टक्क्यांवर आणला गेला. जिथे एवढा कर तिथे चोरटी आयात आणि भेसळ आलीच. चहाचे व्यापारी रिचर्ड ट्वायनिंग यांनी १७८५ मध्ये एक पुस्तिका काढली. बनावट चहा कसा तयार होतो त्याची कृतीच त्यात आहे: ॲश झाडाची पानं वाळवायची, भाजायची, पायांनी तुडवायची आणि मेंढीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात भिजवायची. होय, बरोबर वाचलंत.

१८२० मध्ये लंडनमध्ये राहणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक ॲकम यांनी अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं. खोटा चहा घरच्या घरी कसा ओळखायचा हे त्यांनी सांगितलं, आणि भेसळ करताना पकडलेल्यांची नावंही छापली. १८५० च्या दशकात डॉक्टर आर्थर हॅसल यांनी दुकानांतून नमुने विकत आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये यायचे, दुकानदाराच्या नाव-पत्त्यासकट. हिरव्या चहाला चढवलेला रंग त्यांना सापडला. कॉफीत चिकोरी आणि भाजलेलं धान्य सापडलं.

हे भाजलेलं धान्य लक्षात ठेवा. त्या काळी ती फक्त फसवणूक होती. पैसे कॉफीचे आणि माल धान्याचा. त्यानं कुणाचं आतडं सपाट होत असेल, हे फसवणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि पकडणाऱ्यालाही नाही.

या गदारोळातून ब्रिटनचा १८७५ चा अन्न आणि औषध विक्री कायदा आला. त्यात चहासाठी खास कलम होतं: बंदरात उतरणारा चहा कस्टम्सनं तपासायचा. ग्राहकानं मागितलेली वस्तू आणि मिळालेली वस्तू एकच असली पाहिजे, हे तत्त्व कायद्यात बसलं. डब्यावरची घटकांची यादी याच विचारातून पुढे आली.

‘थोडंसं’ म्हणजे किती?

आता दोन्ही धागे जोडूया. गुन्हेगार माहीत आहे आणि आत काय आहे हे सांगायची पद्धतही आहे. उरला प्रश्न: किती चालतं?

१९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांनी मिळून कोडेक्स ही अन्नाचे मानदंड ठरवणारी यंत्रणा उभी केली. २००८ मध्ये कोडेक्सनं ग्लुटेन-फ्रीची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठरवली. अमेरिकेनं २०१३ मध्ये हाच आकडा घेतला. भारतात एफएसएसएआयची मर्यादाही २० च आहे.

दरम्यान इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बरे झालेल्या सीलिॲक रुग्णांना ९० दिवस रोज एक कॅप्सूल दिली: काहींना ५० मिलिग्रॅम ग्लुटेनची, काहींना १० ची, काहींना ग्लुटेन नसलेली. ५० वाल्यांच्या आतड्यात बिघाड दिसला. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन धरलं तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग. म्हणून "एक तुकडा खाल्ल्यानं काय होतंय" हे वाक्य चुकीचं आहे. रोज एक तुकडा खाल्ल्यानं होतं.

आता चहाचं गणित करू. एका टी-बॅगमध्ये साधारण २ ग्रॅम पत्ती. चहा अगदी मर्यादेवर आहे, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम, असं धरलं तर एका बॅगेत ०.०४ मिलिग्रॅम ग्लुटेन. १० मिलिग्रॅम व्हायला २५० बॅगा लागतील. म्हणजे डब्यावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर निवांत प्या. भीती घालणं हा या भागाचा हेतू नाही.

मग अडचण कुठे? जिथे धान्य चुकून मिसळलेलं नसतं, तर मुद्दाम घातलेलं असतं, तिथे.

फ्लेवरच्या आत फ्लेवर

आपण कोड लिहिताना एक लायब्ररी घेतो आणि तिच्या पोटात दुसऱ्या दहा असतात. फ्लेवर्ड चहाचं तसंच आहे. पत्ती स्वच्छ, पण ‘फ्लेवर’ हा एक शब्द अनेक घटकांवर पांघरूण घालू शकतो. बर्गमॉटचं तेल घातलेला अर्ल ग्रे, मोगऱ्यासारख्या फुलांचा जॅस्मिन चहा, यांत धान्याचा संबंध नाही. पण भाजका, खमंग, चॉकलेट-कॅरॅमलसारखा स्वाद हवा असेल तर भाजलेलं जव आणि माल्ट हे सोयीचे घटक आहेत. काही ‘डेझर्ट’ चहांत बिस्किटासारखे तुकडेसुद्धा असतात.

जपानचा मुगिचा तर पूर्ण भाजलेल्या जवाचाच. त्यात चहाची पत्ती नसतेच, फक्त नावात चहा. त्याच जपानच्या गेनमाइचात भाजलेला तांदूळ असतो, तो चालतो. नावं ऐकून दोन्ही सारखीच वाटतात, घटक मात्र उलटे.

आणि हा ‘माल्ट’ शब्द आपल्याला चांगलाच गोंधळात टाकतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. नुसतं ‘माल्ट’ लिहिलं असेल तर ते बहुधा जवाचं. पण आपल्याकडे मिळणारं नाचणी माल्ट निव्वळ नाचणीचं असेल तर त्यात ग्लुटेन नाही. माल्टोडेक्स्ट्रिन आणखी वेगळं. नावात माल्ट असलं तरी ते स्टार्चपासून बनतं, बहुतेकदा मक्याच्या.

कायद्यांतही फटी आहेत. अमेरिकेच्या २००४ च्या ॲलर्जन कायद्यात गहू स्पष्ट लिहायची सक्ती आहे, जव आणि रायची नाही. युरोपात आणि भारतात ‘ग्लुटेन असलेली धान्यं’ असा पूर्ण गटच जाहीर करावा लागतो. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंग नियमांत तसं आहे. त्यामुळे अमेरिकेहून कुणी चहा आणला आणि त्यावर गव्हाचं नाव नसलं, तर एवढ्यावर थांबू नका.

प्रयोगशाळेतली एक गंमतही सांगतो. ग्लुटेन मोजायची चाचणी अँटिबॉडीवर चालते. पण चहातले टॅनिन प्रथिनांना चिकटतात, आणि ग्लुटेन असूनही चाचणीत कमी दिसू शकतं. यावर उपाय काय? नमुन्यात दूध पावडर घालतात. टॅनिन दुधाच्या प्रथिनांना धरून बसतात आणि ग्लुटेन मोकळं होतं. चहात दूध घालणं हे फक्त आपलंच शास्त्र नाही तर!

आता डबा हातात घ्या

एक. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. गहू, जव, बार्ली, राय, ओट्स, माल्ट यांपैकी काही दिसलं तर ठेवून द्या. डब्यावर कुठेही ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर वरचं गणित लागू.

दोन. यादीखालची ॲलर्जनची ओळ वेगळी वाचा. ‘असू शकतं’ असं लिहिलं असेल तर कारखान्यात धान्य हाताळलं जातं असा अर्थ.

तीन. लेमन, आलं, वेलची, पुदिना, फुलं: धोका कमी. चॉकलेट, कॅरॅमल, कुकी, ‘रोस्टेड’: नीट वाचा.

चार. कंपनीला मेल करायचा असेल तर "हे सेफ आहे का?" असं मोघम विचारू नका. "तुमच्या फ्लेवरमध्ये जव किंवा माल्टपासून आलेला घटक आहे का, आणि तयार मालाची ग्लुटेन चाचणी होते का?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

पाच. ऑफिसच्या मशीनमधला चहा. प्रीमिक्सच्या पाकिटावरची यादी पाहायला मागा. त्याच मशीनमधून माल्टवालं पेयही येत असेल आणि तोटी एकच असेल, तर आपला मग आणि आपली टी-बॅग बरी.

सहा, चहाबाहेरचं पण घरातलं. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. तांदळाचं पीठ वापरलेला हिंगही मिळतो. चहा तपासून आमटीत मैदा जायला नको.

आणि एक महत्त्वाचं. हे ऐकून स्वतःवर शंका आली तर लगेच पोळी सोडू नका. आधी डॉक्टरांकडे जा. ग्लुटेन बंद केल्यावर रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्ही फसवू शकतात, आणि मग निदान लांबत जातं.

एक शेवटची गोष्ट ज्यांना हा आजार नाही अशा श्रोत्यांसाठी. पुढच्या वेळी ऑफिसात किंवा लग्नात कुणी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचत उभं असेल, तर "एवढं काय त्यात" म्हणू नका. मोबाइलचा टॉर्च धरा. गी यांच्या रुग्णांच्या आयांना वाचायला ती यादी नव्हती आणि यादीत काय शोधायचं हेही माहीत नव्हतं. आज दोन्ही आहे, तर ते निवांत वाचू द्यावं.

तुमच्या घरात कुणी ग्लुटेन-फ्री खात असेल आणि अनपेक्षित जागी गहू सापडला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढे त्यावर बोलू. तोवर चहा घ्या, डबा वाचून घ्या. भेटूया पुढच्या भागात!